माणसे मोजली, तास कोण मोजणार?

पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला एक दृश्य दरवर्षी दिसते. बांबूला चादर बांधून केलेली झोळी, ती खांद्यावर घेतलेले भिजलेले पुरुष आणि झोळीत कळा सोसणारी बाई. वर्तमानपत्रात फोटो येतो, दोन दिवस हळहळ होते, नाल्याचे पाणी उतरते आणि विषय संपतो.

या प्रश्नाचे मूळ शासनाच्या हिशेबात आहे. आपल्याकडे आरोग्य उपकेंद्र लोकसंख्येवर मिळते. सपाटीवर 5,000 लोकांमागे एक, आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 लोकांमागे एक. रस्त्याचेही तसेच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली सुरू झाली, तेव्हा सपाटीवरची 500 लोकांची आणि आदिवासी भागातली 250 लोकांची वस्ती पात्र ठरली. तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात हे निकष बिनतक्रार बसतात. तिथे गावे मोठी आणि एकमेकांना लागून, एस.टी. चुकली तर काळीपिवळी मिळते. पण शिरपूर तालुक्यात बोराडीच्या वर, चोपड्यात वैजापूरच्या पुढे किंवा रावेरात पालच्या बाजूला पावरा-बारेला कुटुंबे आपापल्या शेताजवळ घर बांधून विखुरलेली राहतात. पंधरा-वीस घरांचा पाडा 250 मध्ये बसत नाही. आणि 3,000 माणसे जमेपर्यंत मध्ये किती टेकड्या आणि किती नाले येतात, हे निकष विचारत नाही. कागदावर उपकेंद्र आहे. नर्सबाईंचा दिवस मात्र चालण्यातच जातो.

बाळंतपण लोकसंख्या पाहून अडत नाही. वार अडकली किंवा गर्भाशय नीट आवळले गेले नाही, तर अंगावरून जोराचा रक्तस्राव होतो आणि उपचार न मिळाल्यास सरासरी दोन तासांत बाई दगावते. मूल अडले तर थोडा तरी वेळ हाती असतो. रक्तस्रावात तो नसतो. थडियस आणि मेन या अभ्यासकांनी 1994 साली मातामृत्यूमागचे तीन विलंब मांडले: निर्णय घेण्यातला, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. आपण सारे खापर पहिल्यावर फोडतो. 'या बाया दवाखान्यात येतच नाहीत' हे वाक्य बैठकांमधून फार ऐकू येते. अहो, ज्या घरातली माणसे मध्यरात्री झोळी उचलून चिखलातून निघतात, त्या घराने निर्णय केव्हाच घेतलेला असतो!

108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात धावते. तिने पुष्कळ जीव वाचवले, पण डांबर संपते तिथे तीही थांबते. दोन तासांतला मोठा भाग त्याच्या अलीकडेच खर्च झालेला असतो.

जंगलातून रस्ता नेता येत नाही, हे उत्तर अर्धेच खरे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार रस्ता, दवाखाना अशा कामांना ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत, एवढीच मुख्य अट. (अभयारण्यात भानगडी अधिक, हे मान्य.) आणि डोंगराळ राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांसाठी केंद्राने उपकेंद्राला वस्तीपासून पायी अर्ध्या तासाचा निकष स्वीकारलेला आहे. तो सातपुड्याला लावायला काय हरकत आहे? जिल्हा परिषदेने प्रत्येक पाड्यापुढे लोकसंख्येच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घालावा: भर पावसात दवाखान्यापर्यंत लागणारे तास. उपकेंद्र, रस्ता, फरशीपूल यांचा क्रम त्यावरून लावावा.

रस्ता होईपर्यंत माहेरघर योजना हाताशी आहे. दिवस भरत आलेल्या बाईने चार-पाच दिवस आधीच आरोग्य केंद्रात येऊन राहायचे. आषाढ-श्रावणात कोणाचे दिवस भरणार, हे आशाताईंना मे महिन्यातच ठाऊक असते. मात्र बाईला नुसते 'ये' म्हणून भागत नाही. तिची लहान लेकरे तिच्याबरोबर राहतील ना, आणि मागे घरच्या बकऱ्या कोण बघणार, हे आधी तिच्या सासूशी बसून ठरवावे लागते.