विटेवरून वाद

गेल्या आषाढात माझ्या चारित्र्याविषयी धर्माबादेत तीन दिवस जी कुजबुज चालली होती, तिचा खुलासा करणे मला भाग आहे.

झाले ते असे. आम्ही उभयता बासरला सरस्वतीच्या दर्शनाला गेलो होतो. मागे कुरिअरवाला पोरगा खोका घेऊन आला, घराला कुलूप बघून त्याने तो शेजारच्या गुरुजींकडे दिला. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. हातात आलेली वस्तू तपासल्याशिवाय बाजूला ठेवायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. बाहेरचा पुठ्ठा एका कोपऱ्यात फाटला होता, त्यातून काळाकुट्ट डबा डोकावत होता आणि त्या काळ्या डब्यावर ठळक छापले होते : १८+.

गुरुजींनी हे कुणालाही सांगितले नाही. फक्त ‘कुणाला सांगू नका’ असे अकरा जणांना सांगितले. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेलो तर ज्यांच्या पोत्यांचे हिशेब मी चाळीस वर्षे लिहिले ते हमाल माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. दाढी करणाऱ्याने साबण लावता लावता विचारले, “काका, तब्येत बरी हाय ना? या वयात जपावं बाप्पा.”

तिसऱ्या दिवशी मी गुरुजींना माडीवर बोलावले आणि त्यांच्यादेखत डबा फोडला. आतून निघाल्या पिशव्या, पिशव्यांतून निघाल्या प्लास्टिकच्या चिमुकल्या विटा. दोन हजार बावीस. एकावर एक बसवत गेले की त्यांचा ताजमहाल होतो. गुरुजींच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त दिसली.

“खेळणी?” ते म्हणाले. “अहो मुनीमजी, सदुसष्ट वर्षांचं वय तुमचं. खेळणी?” आणि जिना उतरता उतरता पुटपुटले, “त्यापेक्षा ते बरं होतं.”

हा लेख म्हणजे त्या शेवटच्या वाक्याला उत्तर आहे.

आधी त्या आकड्याचे. लेगो नावाच्या डॅनिश कंपनीने २०२० सालापासून मोठ्या माणसांसाठीच्या डब्यांवर १८+ छापायला सुरुवात केली. हेतू असा, की प्रौढ माणसाला दुकानात खेळणे मागताना संकोच वाटू नये. म्हणजे डेन्मार्कात लाज जावी म्हणून छापलेला आकडा धर्माबादेत येताना लाज घेऊन आला. किंमत मात्र मी सांगत नाही, कारण हा लेख सौ. वाचणार आहे. एवढेच सांगतो, की परदेशी खेळण्यांवरचा आयातकर सरकारने २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर नेला आणि २०२३ साली ७० वर. हिशेब लिहिण्यात जन्म गेला तरी ही बेरीज मी डोळे मिटून केली.

आता मुळाशी येतो. हा नाद मला लावला तो माझ्या नातवाने. किंवा खरे म्हणजे, त्याच्याकडून तो नाद ज्यांनी सोडवला त्यांनी. चिरंजीव नांदेडला बँकेत असतात. नातू पाचवीपर्यंत दिवसभर या विटांत बसलेला असे. सहावीत गेला आणि घरात एक नवा शब्द आला : फौंडेशन. सहावीपासून डॉक्टर-इंजिनीअर होण्याचा पाया घालणारा क्लास असतो, त्याला फौंडेशन म्हणतात. लातूर पॅटर्नने आमच्या मराठवाड्याचे नाव केले हे मला मान्य आहे. शेतमजुराची पोरे डॉक्टर झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे हात जोडतो. पण पूर्वी तो पॅटर्न दहावीनंतर गाठायचा. आता तो खाली उतरत उतरत सहावीच्या पोराच्या पाठीवर येऊन बसला आहे. तर पाया घालायचा म्हणून आमच्याकडे काय केले? पोराच्या विटा काढून घेतल्या! विटा काढून घेऊन पाया घालणारे गवंडी मी पहिल्यांदाच पाहिले.

तो डबा ‘कुणाला तरी देऊन टाका’ म्हणून धर्माबादला आला. म्हटले, द्यायच्या आधी सगळ्या नीट आहेत का मोजून घ्यावे. मुनीमच मी. मोजता मोजता लाल एका बाजूला, पिवळ्या एका बाजूला झाल्या. मग दोन जोडून पाहिल्या. टक् असा आवाज झाला. वाचकहो, तो आवाज तुम्ही ऐकला नसेल तर माझ्याशी वाद घालू नका. आयुष्यात एकही गोष्ट मला इतकी चपखल बसलेली आठवत नाही. सदरा बसला नाही, कवळी बसली नाही, आणि व्याह्यांशी तर अजून बसत नाही.

आम्ही लहानपणी खेळलो नाही असे नाही. पोळ्याला मातीचे बैल केले, सायकलची रिंग काठीने पळवली, काडेपेट्यांची आगगाडी केली. पण आगगाडी सिकंदराबादेपर्यंत जाण्याआधीच वडिलांचा आवाज यायचा : रिकामा बसलास कामून? चौथीच्या सुट्टीपासून मी मोंढ्यात पोत्यांवर नंबर टाकायला बसलो. मिरचीच्या मोसमात धर्माबादेत बाहेरचा माणूस उतरला की स्टेशनातच शिंकायला लागतो; आम्ही त्या ठसक्यातच लहानाचे मोठे झालो. लहान कमी, मोठे जास्त. तेव्हा गुरुजी, मी दुसऱ्यांदा लहान झालेलो नाही. हा माझा पहिलाच अर्ज आहे.

ही वीट करणारा माणूस कोण होता ते ऐका. बिलुंड नावाच्या डेन्मार्कातल्या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीत घरांची कामे आटली म्हणून १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. ‘छान खेळ’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून १९३४ साली त्याने लेगो हे नाव घेतले. त्याची एक गोष्ट कंपनीवाले हौसेने सांगतात. पोराने, म्हणजे गॉडफ्रेडने, लाकडी बदकांना वार्निशचे तीन हात देण्याऐवजी दोनच दिले आणि ‘एवढे पैसे वाचवले’ म्हणून बापाला सांगितले. बापाने त्याला रात्री स्टेशनावर परत पाठवले, माल सोडवून आणायला लावला आणि तिसरा हात मारायला लावला. आमच्याकडे दोन हात मारून तीन हातांचे बिल निघाले असते, चौथ्या हाताला टक्केवारी गेली असती आणि बदक पहिल्या पावसात उखडले असते.

पुढे त्याच गॉडफ्रेडने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या विटेचे पेटंट मागितले. वर बटणे, आत पोकळ नळ्या, एकीची बटणे दुसरीच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये रुतून बसतात. गंमत आहे ती त्या पकडीत. सोडवावी म्हटली तर पोराच्या हाताने सुटते, नाही म्हटली तर वर्षानुवर्षे हलत नाही. आणि १९५८ सालची वीट आजच्या विटेवर बरोबर बसते. आमच्या न्हाणीघरात १९९४ साली बसवलेला नळ आहे. त्याला बसेल असा वॉशर आज नांदेड जिल्ह्यात नाही.

गुरुजींचे पहिले म्हणणे, यात वेळ वाया जातो. कबूल. माझे रोज दोन तास जातात. गुरुजी संध्याकाळी सहा ते नऊ टीव्हीवर चार माणसे एकाच वेळी ओरडताना बघतात, त्यानंतर फोनवर आलेले सुविचार दीडशे लोकांना ढकलतात. त्यांचा वेळ कुठे साठवलेला असतो ते त्यांनी दाखवावे; माझा माडीवर साठवलेला आहे, चार मिनारांसकट.

दुसरे म्हणणे, हा पोरखेळ आहे, मोठ्या माणसांचे खेळ वेगळे. ते मला ठाऊक आहेत. त्यातला मुख्य खेळ म्हणजे प्लॉटिंग. गावाबाहेरच्या काळ्या रानात चार दगड पुरायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, कमान उभारून तिला कुठल्या तरी देवाच्या नावाचे नगर म्हणायचे, आणि तिथे आयुष्यात एकही वीट न रचता तो तुकडा पाच जणांनी एकमेकांना विकायचा. याला व्यवहार म्हणतात. मी खरोखर वीट रचतो, याला पोरखेळ म्हणतात! प्रत्यक्ष पांडुरंग पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर उभा आहे. पुंडलिकाने प्लॉट फेकला असता तर देव सातबाऱ्यावर उभा असता आणि अजून फेरफार व्हायचा असता.

तिसरे म्हणणे जरा वरच्या पट्टीतले होते. “आपण विद्येच्या देवीच्या शेजारचे लोक,” गुरुजी म्हणाले. वसंत पंचमीला बासरला पोराच्या हाताने अक्षरे गिरवून घ्यायला कुठून कुठून लोक येतात. माझ्या नातवाचीही अक्षरे तिथेच गिरवून घेतली होती. मी गुरुजींना एवढेच विचारले, की सरस्वतीच्या हातात काय असते? ते म्हणाले, पुस्तक. आणि दुसऱ्या दोन हातांत? वीणा! म्हणजे विद्येच्या देवीनेही चारातले दोन हात छंदाला मोकळे ठेवले आहेत. आमच्या पोरांना दोनच हात, आणि दोन्हींत गाईड.

इथपर्यंतचा वाद गमतीचा आहे. हरलो तरी माझे काही बिघडत नाही. पण पुढचे मी गमतीने म्हणत नाही.

आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घ्या. त्या किती तऱ्हांनी जोडता येतील? कंपनीनेच १९७४ साली आकडा छापला : १० कोटी २९ लाख ८१ हजार ५००. बरीच वर्षे लोकांनी तो मानला. मग कोपनहेगन विद्यापीठातल्या सोरेन आयलर्स नावाच्या गणितज्ञाने तपासले, तर कंपनीने फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. विटा शेजारी शेजारीही बसतात हे धरलेच नव्हते. त्याने संगणकाकडून मोजून घेतले आणि आकडा निघाला ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. सहा विटा, मुठीत मावणाऱ्या! आणि तपासणारा विद्यापीठातला प्राध्यापक होता. त्याला कुणी ‘रिकामा बसलास कामून’ म्हणाले नाही.

नातवाच्या क्लासातल्या पेपरात एका प्रश्नाला चार उत्तरे छापलेली असतात. तीन चूक, एक बरोबर. चूक खूण केली तर गुण कापतात. मागच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे त्या सहा विटा ठेवल्या आणि म्हटले, कर काहीतरी. तो बराच वेळ विटांकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “आजोबा, बरोबर कोणतं?”

दोन वर्षांपूर्वी याच पोराने याच विटांचा तीन सोंडांचा हत्ती केला होता.

त्या रात्री मी चिरंजीवांना फोन केला. माझे ते म्हणाले, “बाबा, त्याला नादी लावू नका. स्पर्धा किती आहे तुम्हाला कल्पना नाही.” मी ठेवून दिला. चिरंजीव सातवीत असताना त्यांचा पतंग मीच फाडला होता, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, एवढा त्यांचा समंजसपणा.

असो. ताजमहाल बावीस दिवसांत उभा राहिला. शहाजहानला बावीस वर्षे लागली म्हणतात, आणि त्याच्याकडे वीस हजार माणसे होती. माझ्याकडे मोतीबिंदू काढलेला एक डोळा. मी कौतुकाने सौ.ना बोलावले. त्या कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “त्यानं बायको गेल्यावर बांधला होता. तुम्हाला घाई कसली झाली?”

त्यानंतर मी इमारतींचा नाद सोडून पाटबंधारे खात्यात शिरलो. नातवाच्या जुन्या विटांतून आमचा बाभळीचा बंधारा बांधायला घेतला. आग्र्याचे कुणालाही येते, बाभळीचे चित्र कुठल्याच डब्यात मिळत नाही. चौदा दरवाजे, चौदाही उघडमिट होणारे. निळ्या विटा कमी पडल्या, म्हणून गोदावरी अर्धी हिरवी आहे. उन्हाळ्यात तशीही ती असतेच.

आणि काय सांगू, माडीवर माणसे येऊ लागली. २०१० च्या जुलैत चंद्राबाबू नायडू आमदारांचा ताफा घेऊन हा बंधारा बघायला आले होते, त्यांना अटक झाली आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले, तेव्हा कोण कुठे उभा होता यावर दोन दिवस चर्चा झाली. नदीकाठच्या गावातला माझा एक जुना गिऱ्हाईक, मिरची घेऊन मोंढ्यात यायचा, तो आला. बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. मग बोटाने त्याने एक एक करत चौदाही दरवाजे खाली पाडले.

“अहो, जुलै चाललाय,” मी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे असतात. पावसाचे पाणी खाली श्रीरामसागराला जाते. आमचे दरवाजे मिटतात तोवर पाऊस संपलेला असतो.

“ठाऊक हाय मुनीमजी,” तो म्हणाला. “इथं तरी राहू द्या बंद.”

मी राहू दिले. गुरुजी तेव्हा तिथेच होते. पोरखेळ हा शब्द त्यांनी त्यानंतर उच्चारलेला नाही. परवा तर, कुणी नाही असे बघून, पुलाच्या कठड्याला पिवळ्याऐवजी करडा रंग शोभेल, असे सुचवून गेले.

दिवाळीला नातू आला. पहिले दोन दिवस क्लासचे पेपर सोडवत बसला. तिसऱ्या दिवशी माडीवरून टक् टक् ऐकू आले. त्याने बंधाऱ्याखाली एक बोगदा काढला होता, त्यातून पाणी चोरून परत वर आणायची सोय. असे होऊ शकत नाही म्हणून सांगणार होतो, पण गुण कापायचे माझ्या जिवावर आले.

चिरंजीव त्याला न्यायला आले ते घड्याळ बघतच. नांदेडच्या गाडीला पाऊण तास होता. “चल, आवर,” म्हणत जिना चढले, बंधारा पाहिला, वाकले. “बाबा, हा सातवा दरवाजा उलटा बसलाय,” म्हणाले आणि पाचच मिनिटं म्हणून सतरंजीवर टेकले.

गाडीची शिट्टी आम्हा तिघांनाही ऐकू आली असणार. स्टेशन काही लांब नाही. कुणी मान वर केली नाही. खालून सौ.चा आवाज आला, “तिघांची ताटं वरच आणू का?”