साठा कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, विजेचा विषय निघाला की आपल्याला सांगतात, हे इंजिनियरांचं काम, हमालांनी हमालीचं बघावं. मी उरणकडं बंदरात कंटेनरला लॅशिंग मारतो. मॅट्रिक झालोय. कविता लिहितो. आणि मी विजेवर बोलणार. कारण अख्खा कंटेनरच बॅटरी असलेला माल आमच्याच हाताखालून जातो. त्याच्यावर यूएन ३५३६ असा आकडा आणि ९ नंबरचं धोक्याचं लेबल. आत काय आहे, पेटलं तर काय करायचं, हे आमच्या मुकादमानं कधी सांगितलं नाही. ते लेबल मीच वाचायला शिकलो.

गणित साधं आहे. सूर्याची वीज दुपारी उतू जाते आणि दिवेलागणीला, सगळं शहर बटणं दाबतं तेव्हा, गायब होते. आपल्या ग्रीडचा ठोका सेकंदाला ५० फेऱ्यांचा. मागणी-पुरवठ्याचा तोल गेला की ठोका चुकतो. कोळशाच्या केंद्रातली अवजड चक्रं फिरत राहतात, ठोका सावरून धरतात. सोलरच्या पाटीला तसलं चाकच नाही. म्हणून साठा लागतो. बॅटरी सेकंदाच्या आत धावून येते, पण दोन-चार तासांत दमते. पाण्याचा साठा जास्त वेळ टिकतो. दुपारच्या स्वस्त विजेनं पाणी डोंगरावर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून टर्बाईन फिरवायचं. चार युनिट घातले की साधारण तीन परत मिळतात. यालाच सरकारी भाषेत उदंचन म्हणतात.

आता विचारा, साठ्याची चावी कुणाकडं?

रायगडला हा प्रश्न नवा नाही. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. घाटावर टाटांची धरणं, खाली कोकणात टर्बाईन, वीज मुंबईच्या गिरण्यांना. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. बुडालेल्या जमिनीवर राबणारा, पण सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस कुठं गेला, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

आणि १९२७ हे साल नीट बघा. २० मार्चला याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. एकाच जिल्ह्यात, एकाच साली, डोंगरातलं पाणी पाईपातून मालकांसाठी धो धो कोसळायला लागलं आणि आमच्या बापजाद्यांनी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फोडून घेतली. तळ्यात पाणी होतं. १९२३ चा बोले ठराव होता. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं कागदावर खुलंही केलं होतं. साठा होता, कायदा होता, फक्त आमचा हात तिथं चालत नव्हता.

आता नवा डाव मांडलाय. जून २०२३ मध्ये राज्य सरकारनं एनएचपीसी आणि टोरंट यांच्याशी १३,०५० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचे करार केले. त्यात कर्जतला ३,००० मेगावॉट. त्यात 'सावित्री' नावाचा २,२५० मेगावॉटचा प्रकल्प. सावित्री म्हणजे महाडची नदी, दोस्तांनो! ऑगस्टमध्ये टाटा पॉवरशी करार झाला, भिवपुरीला १,००० आणि घाटावर शिरवट्याला १,८०० मेगावॉट. तिकडं १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात बुडाली होती, म्हणून २०२५ मध्ये मुंबईसाठी १०० मेगावॉटच्या बॅटऱ्यांना मंजुरी मिळाली. अंधार झाला तर हॉस्पिटलं, मेट्रो, डेटा सेंटर लवकर उजळावीत म्हणून. हॉस्पिटल आधी, कबूल. पण डेटा सेंटरनंतर आमच्या वस्तीतली पाण्याची मोटर कितव्या नंबरावर?

काही शहाणे म्हणतील, धरण नको, बॅटरी नको, पुन्हा गावाकडं चला. चला म्हणणाऱ्यांनी गावात वाडा बांधलेला असतो. आम्हाला गावकुसाबाहेरचा अंधार माहीत आहे. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडं होते. स्वस्त आणि मुबलक वीज ही गरिबी मोडायची वाट, असं ते १९४३ ला मांडत होते. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले. वीज पाहिजे, आणि मालकी सगळ्यांची पाहिजे. या दोन मागण्या ते एका दमात करत होते. आपण एकच मागून गप्प का बसावं?

म्हणून आपलं म्हणणं ऐका. कर्जतच्या डोंगरात पहिला सुरुंग लागायच्या आधी तिथल्या कातकरी वाड्या आणि भूमिहीन बौद्ध घरं मोजा. सातबारा नसला तरी माणूस असतो. काम कंत्राटी नको, कायम द्या. बॅटरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आगीचं शिक्षण द्या, ती बादलीभर पाण्यानं विझत नाही. आणि साठ्यातला वाटा वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत आणा, नुसत्या कंपनीच्या नफ्यापर्यंत नको.

हे भीक म्हणून मागत नाही. डोंगर पोखरणारे आपण, कंटेनर बांधणारे आपण, अंधारात बसणारेही आपणच. महाडचं पाणी कुणी दान दिलं नव्हतं, चालत जाऊन घेतलं होतं. दोस्तांनो, सावित्रीचं पाणी डोंगरावर चढायच्या आधी आपण चढलं पाहिजे.