ठाण्याला नेलं

शहापूर-मुरबाडच्या माणसाला ठाण्याला जायला शंभर निमित्तं. कलेक्टर कचेरी तिथे, जिल्हा परिषद तिथे, कोर्ट तिथे. पण ‘ठाण्याला गेला’ आणि ‘ठाण्याला नेला’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. गेला म्हणजे कामाला गेला. नेला म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही, ऐकणारा आवाज खाली आणून एवढंच विचारतो, “कधीपासून?” १९०१ साली उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयाने अख्ख्या शहराच्या नावाला हा दुसरा अर्थ चिकटवला. ठाणे आणि येरवडा या दोन नावांवर मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हसत आला. टोकावड्याच्या नाहीतर डोळखांबच्या पाड्यावर मात्र त्याच नावाने सोयरिकी मोडतात.

खेड्यातले लोक अडाणी, म्हणून भगताकडे जातात, असं शहरात बसून म्हणायला काही लागत नाही. भगत काय करतो ते जरा पाहावं. सुपातले तांदूळ पाहतो, घरच्यांना चार प्रश्न विचारतो आणि सांगतो, “बाहेरचं आहे.” या दोन शब्दांत आजाऱ्याची केवढी सुटका आहे! दोष त्या बाहेरच्याचा, पोराचा नव्हे. आलंय तसं जाईल. नारळ, कोंबडं, उतारा, विषय मिटला. डॉक्टरच्या कागदावरचं नाव तसं जात नाही. ते आजाऱ्यापाशी थांबतही नाही, घराण्याला लागतं. ‘त्यांच्यात आहे ते’ हे वाक्य एकदा गावात फिरलं की धाकट्या बहिणीपासून चुलतभावापर्यंत सगळ्यांची लग्नं अडतात. म्हणून भगताकडे जाऊन आल्याचं लोक ओटीवर बसून सांगतात आणि दवाखान्यात जाऊन आल्याचं शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. यात अडाणीपणा कमी आणि हिशेब जास्त आहे.

याचा अर्थ भगताला रान मोकळं सोडा, असा कुणी घेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, चाबकाने मारणं, दोराने नाहीतर साखळीने बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा व्हायला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. आणि तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या जागी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेली २८ माणसं जागची हलू शकली नाहीत.

आमच्या माहितीतलं मुरबाडकडचं एक घर. थोरल्या लेकीला गोळ्या चालू आहेत आणि गोळ्यांनी ती बरी आहे. भात लावते, घर सांभाळते. गोळ्या गावच्या मेडिकलातून आणत नाहीत, एसटीने कल्याणला जाऊन आणतात. घरी आल्यावर आई प्रत्येक गोळी पाकिटातून काढते, छापील नावाचं पाकीट चुलीत टाकते आणि सुट्या गोळ्या बामच्या रिकाम्या डबीत भरते. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की ती डबी भाताच्या कणगीत जाते. पाहुणे मुक्कामाला राहिले तर दोन दोन दिवस कणगीतच राहते.

गंमत अशी, की हेच गाव एसटी स्टँडवरच्या, कुठून आला ते कुणालाच माहीत नसलेल्या वेड्याला रोज चहा-पाव देतं. थंडीत कुणीतरी त्याच्या अंगावर घोंगडीही टाकतं. त्याच्याशी कुणाला सोयरीक करायची नसते ना! शेजारच्या कर्जत तालुक्यात डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या अशाच माणसांना उचलून नेते, औषधं देते, गाव शोधून घरी पोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरातच असलेल्या आजाऱ्याला कुठून उचलून कुठे पोचवायचं, हा प्रश्न त्याहून अवघड.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मनाच्या आजारावरचे उपचार साध्या सरकारी दवाखान्यातच, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मिळावेत, असं तो म्हणतो. मेख त्या ‘साध्या’ शब्दातच आहे. मानसोपचाराची वेगळी खोली आणि वेगळा वार ठेवला की त्या वारी त्या बाकावर कोण बसलं होतं, हे संध्याकाळपर्यंत पाड्यावर पोचतं. १४४१६ या नंबरवर फोनवरून सल्लाही मिळतो, चांगला आहे. पण रेंजसाठी बांधावर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत कुणी ‘मला जगावंसं वाटत नाही’ असं बोलेल का? आणि वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईच्या गोळ्या पावसाळ्यापर्यंत कुठल्या खात्यात जमा करायच्या?

आमचं म्हणणं एवढंच, की बीपीची गोळी ज्या खिडकीतून मिळते त्याच खिडकीतून, त्याच केसपेपरवर, त्याच कंपाउंडरच्या हातून ही गोळीही मिळावी. टीबीही एकेकाळी असाच लपवत. औषध गावात, आशाताईंच्या पिशवीतून येऊ लागलं तशी कुजबुज पुरती गेली नसेल, पण सैल पडली. ‘वेड्याला वेडा म्हणू नका’ अशा भिंती रंगवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

त्या मुलीचं लग्न जमलं. रुखवत मांडलं होतं, भांडी गेली, कपाट गेलं, शिलाई मशीनही गेलं. बामची डबी माहेरी कणगीतच आहे.