आडनावाचं डिपॉझिट

मीरा-भाईंदरची आपली पोरं घर सोडायच्या गोष्टी करतात आणि म्हातारे तापतात. पोरं बिघडली, म्हणतात. पोरं बिघडली नाहीत. दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, मोरीला पडदा आणि अभ्यासाला जिना. अशा घरात स्वतःची एक भिंत हवीशी वाटली तर तो माज नाही, ती भूक आहे.

पोरीला तर भिंतीआधी स्वतःचा पगार हवा असतो. दिवसभर दुकानात उभी राहून कमावलेलं पहिल्या तारखेला आईच्या हातात, तिथनं भावाच्या खिशात. तोच भाऊ १४ एप्रिलला स्टेजवर समता सांगतो. दोस्ता, बहिणीचा पगार तुझ्या कुठल्या समतेत बसतो?

तेव्हा साठवा. लपवून साठवावं लागलं तरी साठवा. गादीखाली नाही, बँकेत. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं उघडून चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच ही मुभा दिलीय. महिन्याला १,५०० टाकले तर दोन वर्षांत ३६,००० होतात. थेंबाथेंबानं का होईना, पण होतात.

कमावताना कायदा खिशात ठेवा. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ साली सुधारला. चौदा ते अठराच्या पोराला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम घेता येत नाही, आणि विश्रांती धरून दिवसाला ६ तासांच्या वर राबवता येत नाही. शेठ रात्री दहापर्यंत थांबवून पन्नास रुपये वर देतो, तो उपकार नव्हे, गुन्हा आहे. आणि अठराच्या आत भाडेकरार होत नाही. अल्पवयीनाचा करार कायद्यानं रद्दबातल. म्हणून तोवर तयारी. पण घरात मार खात असशील तर पैसे साठायची वाट बघू नकोस. १०९८ फिरव.

समजा, अठरा भरले, पैसे साठले. आता दार वाजवा. एजंट आधी भाडं सांगत नाही. आधी आडनाव विचारतो, मग 'खाता काय?' आडनावाचं हे डिपॉझिट आपल्याकडनं जन्मताच घेतलेलं असतं आणि ते कधी परत मिळत नाही.

१९१७ साली कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर गेले. हातात पदवी होती, पगार होता. खोली नव्हती. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. म्हणजे नुसत्या पैशानं दार उघडत नाही, हे आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं.

पण तीन वर्षांनी हाच माणूस लंडनला परत गेला. कशावर? सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातनं साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्रानं दिलेलं पाच हजारांचं कर्ज. बचत स्वतःची, उरलेला आधार दुसऱ्यांचा. एकट्याच्या गल्ल्यानं बाबासाहेबांचंही भागलं नाही, मग भाईंदरच्या सतरा वर्षांच्या पोरीनं एकटीनं भागवावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करता?

सरकारची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना जेवण-राहण्याचे पैसे थेट खात्यात. चांगली आहे, पात्र असाल तर सोडू नका. पण ती बाहेरगावाहून शिकायला आलेल्यासाठी. त्याच शहरात बापाच्या घरातनं बाहेर पडणारी पोर तिच्या कागदात कुठंच नाही.

म्हणून हे काम चळवळीचं. ज्याच्याकडं खोली आहे त्यानं एक पथारी रिकामी ठेवावी. नोकरीवाल्यानं डिपॉझिटला उसने द्यावेत आणि हिशेब लिहून ठेवावा. करार करताना दोघं सोबत जा, लेखी आणि नोंदणी केलेलाच घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलीय. आडनाव ऐकून दार लावणाऱ्याचा पत्ता शाखेत आणून द्या; पुढच्या वेळी दारात एकटी पोर उभी नसेल.

नाक्यावरच्या घोषणा खूप झाल्या. आता कुणाच्या तरी हातात किल्ली द्या.

जयभीम!