मतदार कोण?

अमेरिकेतील बफलो परिसरात डिसेंबर २०२१ मध्ये स्टारबक्स कंपनीच्या तीन कॉफीदुकानांतील नोकरांनी संघटना हवी की नको, यावर मतदान केले. पंचवीस-तीस माणसांच्या दुकानात मतपेटीपेक्षा मतदारयादीच अधिक बोलते. कंपनीचा आग्रह असा की, परिसरातील वीसही दुकानांचे मत एकत्र घ्यावे. मागणी दिसायला मोठी लोकशाहीवादी! मूठभर संघटित नोकर गर्दीत बुडविण्याचीच ती सोय होती. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने ती फेटाळली, हे उचितच झाले. एका दुकानात १५ विरुद्ध ९ मते पडूनही निकाल अडला. कारण काही मतदार त्या दुकानाचे नोकरच नव्हेत, असा संघटनेचा आक्षेप होता. जानेवारी २०२२ मध्ये मंडळाने तो मान्य केला. त्या गल्ल्यामागे जो नित्य राबतो, तोच मतदार.

आपल्याकडे अनेक संघटना असतील तेथे वाटाघाटीचा एकमेव अधिकार मस्टरवरील ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्यावर द्यावा, असे २०२० ची औद्योगिक संबंध संहिता सांगते. त्याच छपराखाली कंत्राटदारामार्फत राबणाऱ्याचे नाव मालकाच्या मस्टरवर नसते. मग त्याचे मत कोणी मोजावयाचे?