‘आपल्याकडे असली नाटकं चालत नाहीत’ हे ठरवलं कोणी?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा आणि नाही पटलं तर खाली भांडा.

आपल्या ठाकुर्ली-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात एखादं गाजलेलं जुनं नाटक किंवा संगीत नाटक आणायचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘आपल्याकडे असली जड नाटकं चालत नाहीत, काहीतरी विनोदी आणा.’ दुसरं, ‘जुनी नाटकं किती वेळा उकरून काढणार? नवीन काही सुचत नाही का यांना?’ गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा एकाच तोंडून येतात आणि ते तोंड त्या नाटकाला गेलेलं नसतं.

आधी दुसऱ्या वाक्याचा समाचार घेऊ.

चंद्रकांत कुलकर्णी हे नाव नाटक बघणाऱ्या कोणालाही सांगायला नको. औरंगाबादच्या ‘जिगीषा’मधून आलेला हा दिग्दर्शक. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांनी 1985 साली रंगभूमीवर आणलं होतं. पुढे एलकुंचवारांनी त्याच देशपांडे कुटुंबावर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ लिहिली. 1994 मध्ये कुलकर्णींनी ‘आविष्कार’साठी ही तिन्ही नाटकं सलग केली. आठ-नऊ तासांचा मामला! त्यानंतर वीसेक वर्षांनी, 2015 मध्ये, त्यांनी ‘वाडा’ नव्या नटसंचात व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, 2017 मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आणलं. 2018 मध्ये नाना जोगांच्या मराठीतला ‘हॅम्लेट’ उभा केला, सुमीत राघवनला घेऊन. 2022 मध्ये स्वतःच 1991 साली बसवलेलं प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ पुन्हा नव्या नटसंचात उभं केलं. आणि ही नाटकं एका सभागृहात बसून राहिली नाहीत. टेम्पोत नेपथ्य, बसमध्ये नट, असं करत गावोगाव फिरली.

याला उकरून काढणं म्हणतात?

पुस्तक कपाटात राहतं. शंभर वर्षांनी काढलं तरी वाचता येतं. सिनेमा मोबाइलवर सापडतो. नाटकाचं तसं नाही. ते करणारी माणसं उभी राहिली तरच ते असतं, नाहीतर उरते ती संहिता. 1985 मध्ये जो मुलगा जन्माला आला तो 2015 मध्ये तीस वर्षांचा होता. त्याने ‘वाडा’ बघायचं कुठे? आईवडिलांच्या आठवणीत? दर पिढीत कोणीतरी दिग्दर्शकाने ते नाटक पुन्हा उभं करणं हाच त्याचं वाचनालय उघडं ठेवायचा एकमेव मार्ग आहे. इंग्रजांना कोणी विचारत नाही की बाबांनो, पुन्हा शेक्सपिअर कशाला? आपणही पूर्वी विचारत नव्हतो. आगरकरांनी ‘विकारविलसित’ नावाने हॅम्लेट मराठीत आणला तो 1883 मध्ये. गणपतराव जोशींनी शाहूनगरवासी मंडळीत तो गाजवला. लोकांनी पुन्हा पुन्हा बघितला. तेव्हाच्या प्रेक्षकाला ‘गोष्ट माहीत आहे’ ही अडचण वाटत नव्हती, उलट माहीत होती म्हणून तो यायचा. यावेळचा नट ती कशी करतो ते बघायला.

हां, एक कबूल. प्रत्येक पुनरुज्जीवन चांगलं नसतं. जुनं नाव, मालिकेतला ओळखीचा चेहरा, चार टाळ्यांची वाक्यं आणि आजीआजोबांच्या आठवणींवर तिकीट विक्री, असाही धंदा चालतो. तिथे जरूर शिव्या द्या. पण ओळखायचं कसं? सोपं आहे. दिग्दर्शकाने ते नाटक आजच्या माणसासमोर ठेवलंय की आठवणींच्या आल्बममधून काढून दाखवलंय, हे पहिल्या अंकातच कळतं. ‘चारचौघी’तली मुलींना एकटीने वाढवणारी आई आणि तिचे प्रश्न 2022 च्या प्रेक्षकालाही अस्वस्थ करत असतील तर ते नाटक जुनं कसं?

आता पहिलं वाक्य. ‘जड नाटक.’

‘वाडा चिरेबंदी’त आहे काय? विदर्भातल्या धरणगावात बाप वारला आहे. मुंबईत नोकरी करणारा मुलगा बायकोला घेऊन गावी येतो. वाडा खचतोय, अंगणात ट्रॅक्टर गंजतोय, शिकायची हौस असलेली बहीण शिकवलं नाही म्हणून कुढतेय, आणि घरात प्रश्न एकच, तेराव्याचं गावजेवण कुठल्या पैशातून घालायचं. मोठ्याला वाटतं मुंबईवाल्याने द्यावेत. मुंबईवाल्याच्या मुंबईत काय आहे ते त्याचं त्यालाच माहीत.

आता सांगा, ही गोष्ट कोणाला जड जाणार? ठाकुर्लीत, डोंबिवलीत, कल्याणात राहणारी निम्मी माणसं तो मुंबईवाला भाऊच आहेत! कोकणातून, देशावरून, विदर्भातून, खानदेशातून आलेली. गावचं घर, सामायिक सातबारा, आईचे दागिने, ‘तुम्ही काय बाबा, मुंबईला असता’ हे टोमणे. आणि मुंबईला असता म्हणजे काय, तर धीम्या लोकलशिवाय गाडी न थांबणाऱ्या स्टेशनात उतरून घरी जाता. 2015 च्या जुलैत याच ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळली आणि माणसं गेली. त्याच वर्षी रंगमंचावर ‘वाडा’ पुन्हा उभा होता. खचणारं घर सोडवत नाही आणि त्यात राहवतही नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज आहे का? पुनर्विकासाच्या सोसायटी मीटिंगला बसलेल्या कोणालाही विचारा.

म्हणून ‘जड’ हा शब्द मला खोटा वाटतो. तो प्रेक्षकाने दिलेला शब्द नाही. तारखा घेणाऱ्यांनी, प्रयोग विकत घेणाऱ्यांनी, मंडळांच्या वर्धापनदिनाला ठोक प्रयोग ठरवणाऱ्यांनी प्रेक्षकाच्या नावावर खपवलेला शब्द आहे.

आणि विनोदी नाटकांना मी नावं ठेवत नाही. आठवडाभर सव्वा-दीड तास एका पायावर उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला शनिवारी हसावंसं वाटलं तर त्यात कमीपणा काय? पण जुनं म्हणजे रडकं हे कोणी सांगितलं? 2010 मध्ये सुनील बर्वेंनी ‘सुबक’तर्फे ‘हर्बेरियम’ सुरू केलं. पाच जुनी नाटकं, प्रत्येकाचे फक्त 25 प्रयोग. त्यात ‘हमिदाबाईची कोठी’ होतं, तसंच बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ही होतं, जे बघताना लोक खुर्चीतून पडायचे. अभिजात नाटकात फार्सही बसतो, गाणंही बसतं.

गाण्याचं निघालं म्हणून संगीत नाटकाबद्दल. ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 चं. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतरावांचे खाँसाहेब. 2010 मध्ये सुबोध भावेंनी ते पुन्हा बसवलं, खाँसाहेबांच्या भूमिकेत राहुल देशपांडे, वसंतरावांचे नातू. पुढे 2015 मध्ये सिनेमा आला आणि घराघरात ती पदं वाजली. पण लक्षात घ्या, सिनेमाच्या आधी पाच वर्षं ते रंगमंचावर पुन्हा जिवंत केलं गेलं होतं. नाटकवाल्यांनी आधी जोखीम घेतली.

इथे आपल्यातल्या शुद्धतावाद्यांनाही दोन शब्द. ‘पदं कापली, अंक कापला, आमच्या वेळी पहाटेपर्यंत चालायचं’ ही तक्रार आता पुरे. ‘मानापमान’ 1911 मध्ये आलं तेव्हा वन्समोअरवर वन्समोअर घेत रात्र काढणं परवडत होतं. कंपनीचा मुक्काम गावात कित्येक दिवस असायचा. आज चुकलं तर परवा बघा. आज प्रयोग एक, तो संपला की नेपथ्य उतरवून टेम्पो त्याच रात्री पुढच्या गावाला. प्रेक्षकाला शेवटची गाडी आणि शेवटची रिक्षा गाठायची असते. तीन तासांत बसवण्यासाठी जाणत्या दिग्दर्शकाने कात्री लावली तर तो गुन्हा नाही. गुन्हा तेव्हा होतो जेव्हा पैसे वाचवायला ऑर्गन-तबला हटवून मागे रेकॉर्ड लावली जाते आणि समोर नट ओठ हलवतो. त्याला संगीत नाटक म्हणू नका. त्यावर मात्र आवाज उठवा.

आता पैशाचं गणित, कारण खरी मेख तिथे आहे.

दोन-तीन नटांचं, सोफा आणि एक दरवाजा असलेलं नाटक सुटसुटीत असतं. दुपारी एका गावात, रात्री दुसऱ्या गावात, असे दिवसाला दोन प्रयोग निघू शकतात. वाड्याचं नेपथ्य लावायलाच तासन्‌तास जातात. दहा-बारा नट, प्रत्येकाची नाइट, रंगमंचामागची माणसं, प्रकाशयोजना, संगीत नाटक असेल तर साथीदार. खर्च कितीतरी जास्त, आणि सभागृहातल्या खुर्च्या मात्र तेवढ्याच. म्हणजे हाउसफुल्ल झालं तरी मोठ्या नाटकाच्या हातात कमी उरतं, आणि निम्मं भरलं तर निर्माता घरचे घालतो. मग तो निर्माता काय करणार? जिथे हमी आहे तिथल्या तारखा आधी घेणार. शिवाजी मंदिर, पुणे, ठाणे. आपल्याला उरलीसुरली एखादी तारीख. ती तारीख गैरसोयीची निघाली, लोक कमी आले, की लगेच शिक्का तयार, ‘बघा, चालत नाही.’

हे चक्र कोण तोडणार?

महापालिकेकडे दोन रंगमंदिरं आहेत, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर. ती आपल्या कराच्या पैशातून उभी आहेत. ती फक्त भाड्याने द्यायचे हॉल आहेत की शहराची सांस्कृतिक जबाबदारी आहे, एवढा एकच प्रश्न आपण विचारायचा आहे. 2020 च्या नोव्हेंबरपासून पुढची पाच वर्षं महापालिकेवर प्रशासक होते, विचारायचं कोणाला हा प्रश्न होता. ती सबब आयुष्यभर चालणार नाही. मत मागायला येणाऱ्याला गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारा. माझ्या मागण्या फार नाहीत.

एक, दर महिन्याला एक शनिवार किंवा रविवार अभिजात आणि संगीत नाटकांसाठी राखून ठेवा आणि त्या तारखेला भाड्यात घसघशीत सवलत द्या.

दोन, वर्षभराच्या तारखा कोणाला दिल्या, नाटकाला किती आणि सभा-समारंभांना किती, हे सगळ्यांना दिसेल असं जाहीर करा.

तीन, महापालिकेच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एक नाटक दाखवा. स्नेहसंमेलनातलं नाही, व्यावसायिक नटांनी केलेलं, खरं.

चार, प्रयोग सुटल्यावर घरडा सर्कलहून ठाकुर्ली, चोळेगाव, कल्याणपर्यंत परिवहनची एखादी बस सोडा. सत्तरीतल्या आजीने रात्री रिक्षावाल्याच्या विनवण्या करायच्या आणि वर आपण म्हणायचं की ज्येष्ठ प्रेक्षक येत नाहीत?

आणि आता आपली पाळी. सगळं महापालिकेवर ढकलून मोकळं होता येणार नाही. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला खिशातून नोटा सहज निघतात, नाटकाच्या चारशे-पाचशेच्या तिकिटाला मात्र ‘पास मिळतोय का बघ ना’ म्हणून पाच फोन. तिसरी घंटा झाल्यावर टॉर्च लावून खुर्ची शोधणारे आपणच. हॅम्लेट मरायच्या आत पार्किंगमधून गाडी काढायला उठणारेही आपणच. एखाद्या दिग्दर्शकाने वीस वर्षं मनात धरलेलं नाटक आपल्या दारात आणायचं आणि आपण ते फुकटात, मोबाइल चालू ठेवून, शेवटची दहा मिनिटं सोडून बघायचं. मग निर्मात्याने आपल्याकडे परत का यावं, याचं एक तरी कारण सांगा.

2017 च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झालं. पु. भा. भावे साहित्यनगरी असं नाव दिलं होतं. शन्नांचं, भाव्यांचं गाव म्हणून आपण कॉलर ताठ करतो, चौकाचौकात ‘सांस्कृतिक नगरी’चे बॅनर लागतात. बॅनरला खर्च येतो आणि छापला की काम संपतं. नाटकाला तिकीट काढून जावं लागतं, दरवेळी नव्याने.

म्हणून पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर आपल्या सभागृहाचं नाव आणि त्यापुढे एखादं जुनं, मोठं नाव दिसलं की ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणू नका. या नाटकांना पुढची वेळ नसते. मोजके प्रयोग होतात, नटांच्या तारखा संपतात, नेपथ्य गोदामात जातं, आणि मग पुढची वीस वर्षं कोणीतरी पुन्हा वेडं होईपर्यंत थांबावं लागतं.

प्लॅन उघडला की दोन तिकिटं काढा. एक आपलं, एक घरातल्या सगळ्यात लहान, पण तीन तास बसू शकेल अशा माणसाचं. चार वेळा सभागृह भरलं की ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील, वेगळी पोस्ट लिहायला लागणार नाही.