करवंटीची तागडी

विल्यम ब्लाय या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याविषयी दोन मते रूढ आहेत. एका मताने तो जुलमी कप्तान, दुसऱ्या मताने अजोड दर्यावर्दी. वाद असा स्वभावाभोवती फिरत राहतो आणि वाटपाचा मूळ प्रश्न बाजूला पडतो.

'बाउंटी' जहाज ताहितीहून नीरफणसाची हजारावर रोपे घेऊन वेस्ट इंडीजकडे निघाले होते. उसाच्या मळ्यांतील गुलामांना स्वस्तात पोसता यावे, हा मोहिमेचा हेतू. जहाजावर कप्तानपद आणि कोठावळ्याचे काम दोन्ही ब्लायकडे होते. शिधा ठरविणारा तोच आणि त्याचा हिशेब ठेवणाराही तोच. २७ एप्रिल १७८९ रोजी त्याने अधिकाऱ्यांवर नारळचोरीचा आळ घेतला. दुसऱ्याच पहाटे फ्लेचर ख्रिश्चनच्या पुढाकाराने बंड झाले.

ब्लायसह १९ जणांना तेवीस फुटी उघड्या होडीत सोडून देण्यात आले. तोफुआ बेटावर एक जण मारला गेला. उरलेल्यांनी सुमारे ३,६०० सागरी मैल कापून १४ जूनला तिमोरमधील कुपांग गाठले. या प्रवासात ब्लायने नारळाच्या करवंट्यांची तागडी केली आणि पिस्तुलाची गोळी वजन म्हणून वापरली. प्रत्येकाच्या वाट्याला एका वेळी पौंडाचा पंचविसावा हिस्सा पाव येई. कप्तानाचा वाटा खलाशाएवढाच होता. कुरबुरी तेथेही झाल्या. पण होडी एकसंध राहिली.

माणूस तोच, त्याची करडी शिस्तही तीच. फरक इतकाच की, जहाजावर वाटपाचा हिशेब एकाच्या मुठीत होता, होडीत तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

बंडखोरांना मात्र हा धडा उमगला नाही. पिटकर्न बेटावर त्यांनी जमीन आपसांत वाटून घेतली आणि बरोबर आणलेल्या पॉलिनेशियन पुरुषांना वाटा नाकारला. १७९३ मध्ये तेथे रक्तपात झाला. ख्रिश्चनही त्यात मारला गेला. त्याच वर्षी ब्लायने दुसऱ्या सफरीत नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजला पोहोचविली. ज्यांच्या पोटासाठी ती आणली, त्या गुलामांना कोणत्याच तागडीसमोर उभे राहण्याचा अधिकार नव्हता.

जुलमी कप्तानाला होडीत उतरविणे म्हणजे बंडाचा आरंभ. तागडी कोणाच्या हाती आणि वाटा कोणाकोणाला, याचे उत्तर जे बंड देत नाही, ते जुनेच जहाज नव्या कप्तानासह पुढे हाकते.